‘संघाचा आत्मा विकला’ ही ओरड

२०२५ च्या उन्हाळ्यात बोस्टन सेल्टिक्सने ज्रू हॉलिडेला पोर्टलंडकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अटलांटाकडे दिलं, आणि दोन वर्षं दबलेली एक तक्रार पुन्हा डोकं वर काढू लागली. ज्या दोघांसाठी मार्कस स्मार्टला घालवलं, ते दोघेही शेवटी गेलेच ना? मग नऊ वर्षं बोस्टनसाठी हाडं झिजवलेल्या माणसाला काढून मिळवलं काय? अमेरिकेत ही तक्रार जशी ऐकू येते, तशीच ती आपल्याकडे पहाटे उठून एनबीएचे सामने बघणाऱ्यांकडूनही ऐकू येते. ती करणाऱ्यांचं खेळावर मनापासून प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तक्रार चुकीची आहे, आणि एका संघापुरती चुकीची नाही. नवा खेळाडू आला की त्याला गेलेल्याच्या शेजारी उभं करायचं, दोघांचे गुण मोजायचे आणि निकाल द्यायचा, ही सवयच मुळात खेळ समजून घेण्याच्या आड येते.

समोरच्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच जोरात मांडतो. जून २०२३ मध्ये स्मार्ट मेम्फिसला गेला. हा २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू. १९९६ च्या गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा पहिला गार्ड. त्या सौद्यात आला तो सात फूट दोन इंची पोर्झिंगिस, ज्याची कारकीर्द दुखापतींनी भरलेली. जुलैत ग्रँट विल्यम्स डॅलसला गेला. १ ऑक्टोबरला हॉलिडेसाठी माल्कम ब्रॉग्डन आणि रॉबर्ट विल्यम्स पोर्टलंडला दिले, वर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या. म्हणजे चार कसलेले खेळाडू गेले आणि आले दोन. त्यातला एक नाजूक, दुसरा तेहेतीस वर्षांचा. आधीच्या हंगामात ५७ सामने जिंकलेला संघ असा उलथापालथा करायची गरजच काय होती? आणि २०२४ चं विजेतेपद? ते प्रतिस्पर्धी जायबंदी होते म्हणून मिळालं, पैसा ओतला म्हणून मिळालं. स्मार्ट असता तरी मिळालंच असतं.

गरज काय होती, इथूनच सुरुवात करू.

२९ मे २०२३. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना, तोही बोस्टनच्या घरच्या मैदानावर. समोर मायामी, जो आठव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये आला होता. बोस्टन ०-३ असं मागे पडून ३-३ पर्यंत आलं होतं, म्हणजे जिद्दीची कमतरता नव्हती. तरी तो सामना १०३-८४ असा गेला. बोस्टनने तीन गुणांचे ४२ शॉट घेतले आणि त्यांतले ९ पडले. जेसन टेटमचा घोटा पहिल्याच मिनिटात मुरगळला होता, त्यामुळे भार जेलन ब्राउनवर आला आणि ब्राउनच्या हातून आठ वेळा चेंडू गेला. संघाचा आत्मा त्या संध्याकाळी मैदानातच होता. ब्रॉग्डन सोडला तर बाकीचेही सगळे बऱ्यापैकी धडधाकट होते. मग घरच्या प्रेक्षकांसमोर ८४ गुणांवर गाडी का अडली?

अडली, कारण त्या पाचांची बांधणी ओळखीची झाली होती. रॉबर्ट विल्यम्स उंच उड्या मारायचा, शॉट अडवायचा, पण लांबून बास्केटकडे बघायचाही नाही. त्यामुळे त्याच्यावरचा बचावपटू निवांत बास्केटखाली उभा राहायचा. स्मार्टचे तीन गुणांचे शॉट त्या हंगामात शंभरातले जेमतेम चौतीस पडत होते. त्याला लोक जाणूनबुजून मोकळा सोडायचे. टेटम किंवा ब्राउन आत घुसले की समोर गर्दी. समोरच्या संघाने स्क्रीनवर आपापली माणसं बदलून घेतली, एखादा बुटका बचावपटू उंच खेळाडूसमोर अडकला, तरी त्याची शिक्षा देणारं बोस्टनकडे कोणी नव्हतं. अल हॉरफर्ड लांबून मारायचा, पण पाठ टेकवून बुटक्यावर दोन गुण काढणं हे त्याचं काम उरलं नव्हतं. २०२२ मध्ये गोल्डन स्टेटने अंतिम फेरीत हेच करून दाखवलं होतं. २०२३ मध्ये मायामीने पुन्हा करून दाखवलं. दोन वर्षं एकाच भिंतीवर डोकं आपटल्यावर संघ तसाच ठेवणं याला निष्ठा म्हणायचं?

म्हणून ‘पोर्झिंगिस मोठा की स्मार्ट मोठा’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे, की त्या पाचांना जे करता येत नव्हतं ते आता करता येईल का. पोर्झिंगिस आल्यावर समोरच्या सेंटरला बास्केट सोडून त्याच्यामागे तीन गुणांच्या रेषेबाहेर यावं लागलं. आतली वाट मोकळी झाली आणि ब्राउन-टेटमना धावायला रस्ता मिळाला. बचाव बदलून एखादा गार्ड त्याच्यासमोर आला, तर तो चेंडू हातात घेऊन त्या गार्डच्या डोक्यावरून शांतपणे शॉट मारायचा. त्या हंगामात त्याची सरासरी २०.१ गुण होती. पण मला ते गुण महत्त्वाचे वाटत नाहीत. महत्त्वाचं हे, की दर शंभर चालींमागे १२२.२ गुण ही बोस्टनची सरासरी तोपर्यंतच्या एनबीए इतिहासातली सर्वाधिक ठरली. संघाने ६४ सामने जिंकले; पूर्वेतला दुसरा संघ, न्यूयॉर्क, ५० वर थांबला.

माणसाला माणूस लावून मोजणाऱ्यांचा हिशेब तर साध्या बेरजेतही चुकतो. स्मार्टची जागा पोर्झिंगिसने घेतलीच नाही. सौद्याच्या कागदावर दोघांची नावं समोरासमोर आली एवढंच. पोर्झिंगिस उभा राहिला रॉबर्ट विल्यम्सच्या आणि हॉरफर्डच्या जागी. हॉलिडेने ब्रॉग्डनची आणि स्मार्टची थोडी-थोडी कामं उचलली. आणि स्मार्टच्या हातातला चेंडू गेला तो डेरिक व्हाइटकडे, जो संघात आधीपासून होता. स्मार्ट, व्हाइट आणि ब्रॉग्डन अशा तीन गार्डांमध्ये शेवटची मिनिटं कोणी खेळायची हा गुंता बोस्टनला वर्षभर सुटत नव्हता. व्हाइटला कधी कधी निर्णायक वेळी बाकावर बसावं लागे. २०२३-२४ मध्ये तो गुंताच उरला नाही. व्हाइटची सरासरी १२.४ वरून १५.२ वर गेली, आणि दोन्ही वर्षी त्याची निवड लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात झाली. स्मार्टच्या बदल्यात बोस्टनला काय मिळालं, याचं अर्धं उत्तर व्हाइट आहे. ते सौद्याच्या कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही, आणि कागद वाचणाऱ्यांना ते दिसत नाही.

आता आत्म्याचा मुद्दा, कारण सगळी कळकळ तिथे आहे. स्मार्टने बोस्टनकरांचं प्रेम कमावलं ते खऱ्या घामाने. सुटणाऱ्या चेंडूवर फरशीवर झेप घेणारा, आपल्याहून फूटभर उंच माणसाच्या पुढ्यात छाती काढून उभा राहणारा असा गार्ड माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मला तो आवडायचा, आजही आवडतो. पण जिद्द ही एका माणसाच्या अंगात साठवलेली असते आणि तो गेला की संघ रिता होतो, हे मला मान्य नाही. २७ मे २०२३ ला मायामीतल्या सहाव्या सामन्याचा शेवट आठवा. बोस्टन एका गुणाने मागे, तीन सेकंद उरलेली, हरलं की हंगाम संपला. व्हाइटने बाहेरून चेंडू आत दिला, स्मार्टने तो घेऊन लांबून मारला, चेंडू रिंगमध्ये जाऊन बाहेर आला. आणि चेंडू आत देणारा व्हाइटच रेषेवरून धावत येऊन, एक दशांश सेकंद उरलेलं असताना, तो परत आत ढकलून गेला. १०४-१०३. सगळे शॉटकडे बघत असताना बास्केटकडे धाव घेणं ही त्या संघातली सर्वात चिवट कृती होती, आणि ती केली अबोल व्हाइटने. जिद्द संघात पसरलेली होती. ती ओरडत नव्हती म्हणून तिची मोजदाद झाली नाही.

हॉलिडेबद्दल तर हा आक्षेप कसा घेतला जातो, हेच मला कळत नाही. २०२१ च्या अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात फिनिक्सच्या डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू हिसकावून यानिस अँटेटोकुम्पोकडे उंच फेकणारा हाच तो. मिलवॉकीचं विजेतेपद त्या क्षणात वळलं. बोस्टनमध्ये आल्यावर त्याची सरासरी १९.३ वरून १२.५ वर आली. यावर लोक म्हणाले, म्हातारा झाला. अहो, त्याने गुण सोडले, कारण संघाला त्याच्याकडून गुण नको होते. कोपऱ्यात उभं राहायचं, चेंडू आला तर मारायचा (तीन गुणांचे शॉट त्या हंगामात शंभरातले जवळजवळ त्रेचाळीस पडले), नाहीतर समोरच्या सर्वात धोकादायक माणसाला चिकटायचं, हे त्याने पत्करलं. मे २०२४ मध्ये इंडियानाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात तो आजारी होता. खेळेल की नाही हेच नक्की नव्हतं. बोस्टन १८ गुणांनी मागे पडून परत आलं, आणि शेवटच्या सेकंदांत अँड्र्यू नेम्बहार्डच्या हातातून चेंडू काढून घेतला हॉलिडेने. डॅलसविरुद्ध अंतिम फेरीच्या पहिल्या दोन सामन्यांत कायरी अर्विंगला १२ आणि १६ गुणांवर रोखण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि दुसऱ्या सामन्यात २६ गुण नि ११ रिबाउंड करून बोस्टनकडून सर्वाधिक गुणही त्यानेच घेतले. आत्मा नसलेला संघ असा दिसतो?

या वादात एक जुनं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. २४ फेब्रुवारी २०११ ला सेल्टिक्सने केंड्रिक पर्किन्स ओक्लाहोमा सिटीला दिला. तेव्हा संघ ४१-१४ असा चालला होता. त्यानंतरच्या २७ सामन्यांत १५ जिंकले, १२ हरले, आणि मायामीने दुसऱ्या फेरीत घरी पाठवलं. बघा, म्हणतात, सोबत्यांची वीण उसवली की असं होतं. पण पर्किन्स करत काय होता? तो बास्केटखालची जागा अडवायचा, रिबाउंडसाठी धक्के खायचा आणि द्यायचा. २०१० च्या अंतिम फेरीचा सातवा सामना गुडघ्याच्या दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही, तेव्हा लेकर्सनी रिबाउंडमध्ये ५३-४० अशी मात केली आणि सामना ८३-७९ असा घेतला. त्याच्या बदल्यात मुख्यत्वे आला जेफ ग्रीन हा फॉरवर्ड, आणि बास्केटखालचं काम पडलं एकोणचाळिशीला टेकलेल्या, दुखापतींनी बेजार झालेल्या शकील ओनीलच्या आणि नेनाद क्रस्टिचच्या अंगावर. संघाने एक काम करणारा माणूस दिला आणि ते काम करणारा दुसरा घेतला नाही. तो सौदा वाईट होता, आणि माझ्याच कसोटीवर वाईट ठरतो. आत्म्याचा हवाला द्यावा लागतच नाही.

नाजूकपणाचा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण पोर्झिंगिस खरंच मोडला. २०२४ च्या प्लेऑफमध्ये मायामीविरुद्ध पोटरी दुखावली. अंतिम फेरीत परतला आणि दुसऱ्या सामन्यात पायाच्या स्नायुबंधाची विचित्र दुखापत करून बसला. प्लेऑफच्या १९ सामन्यांपैकी तो ७ खेळला. त्याच्याशिवायच्या १२ सामन्यांत बोस्टन १० जिंकलं. मग तो हवाच कशाला होता, असं विचारतात.

हवा होता. त्याच्या ५७ सामन्यांच्या आधारावर अडतिशीच्या उंबरठ्यावरच्या हॉरफर्डला हंगामभर जपून वापरता आलं, आणि गरज पडली तेव्हा हॉरफर्ड मे-जूनमध्ये सुरुवातीच्या पाचांत उभा राहू शकला. पूर्ण प्लेऑफ घरच्या मैदानाच्या फायद्यासह खेळता आली, ती त्याच ६४ विजयांमुळे. आणि अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात, महिनाभराच्या खंडानंतर, बाकावरून येऊन २१ मिनिटांत २० गुण काढून त्याने डॅलसला पहिल्याच रात्री उत्तर शोधायला लावलं. बोस्टन १०७-८९ असं जिंकलं. शिवाय नाजूकपणाची तुलना करायचीच असेल तर ती गेलेल्यांशी करा. रॉबर्ट विल्यम्सच्या एकाच गुडघ्यावर २०२२ मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतरच्या हंगामात तो ३५ सामने खेळला होता. ब्रॉग्डनचा उजवा हात मायामीविरुद्ध निकामी झाला होता. पोर्झिंगिसचा पहिला सौदा ब्रॉग्डनच्या नावाने ठरत होता आणि तो वैद्यकीय कारणावरून फिसकटला, म्हणून तर ऐनवेळी स्मार्टचं नाव आलं. पोर्झिंगिस मात्र आधीच्या हंगामात ६५ सामने खेळून आला होता. हे सगळं सौद्याच्या दिवशी उघड होतं. पुढच्या हंगामात विल्यम्स ६, स्मार्ट २० आणि ब्रॉग्डन ३९ सामने खेळला, हे मी पुरावा म्हणून वापरत नाही. निकाल लागल्यावरचं शहाणपण मलाही नको आहे. मी म्हणतो ते एवढंच, की दुखापतीचं भिंग नव्यांवर धरायचं आणि जुन्यांवर धरायचं नाही, हा न्याय नव्हे.

(ब्रॉग्डनबद्दल आपल्याकडे थोडी जास्त हळहळ वाटली, तर ती मी समजू शकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत वरळीला झाले, तेव्हा तो इंडियाना पेसर्सच्या संघात होता.)

चार देऊन दोन घेतले हा हिशेबही वरवरचा आहे. एका वेळी मैदानावर पाचच असतात, आणि प्लेऑफमध्ये सात-आठ जणांवर काम भागतं. सहाव्या-सातव्या माणसाची मिनिटं मोकळी झाली ती वाया गेली नाहीत. पेटन प्रिचर्डला आधीच्या वर्षी खेळायलाच मिळत नव्हतं. ती मिनिटं त्याला मिळाली. अंतिम फेरीत दोनदा, दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या सत्राच्या शेवटाला आणि पाचव्यात मध्यंतराच्या भोंग्यावर, मैदानाच्या जवळजवळ मध्यातून त्याने चेंडू आत टाकला. २०२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम सहावा खेळाडू हा मान त्यालाच मिळाला. सॅम हाउझर आणि ल्यूक कॉर्नेट यांनाही अशीच जागा झाली.

आता ‘पैसा ओतला की कोणीही जिंकेल’ हा मुद्दा. तो खरा असेल तर त्याच उन्हाळ्यातल्या आणखी दोन संघांचं काय झालं, ते त्यांनी मला सांगावं. जून २०२३ मध्ये एकाच आठवड्यात वॉशिंग्टनने दोन खेळाडू विकले. पोर्झिंगिस बोस्टनला गेला, ब्रॅडली बील फिनिक्सला. आधीच्या हंगामात दोघांची सरासरी अगदी सारखी होती, २३.२ गुण. फिनिक्सने बीलसाठी ख्रिस पॉल दिला, म्हणजे चेंडू वाटणारा माणूस देऊन गुण घेणारा तिसरा माणूस आणला; केव्हिन ड्युरँट आणि डेव्हिन बुकर आधीच होते. नावांच्या पाटीवर असा संघ दुसरा नव्हता. ४९ विजय, आणि पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-०. गुण सारखे, विकणारा संघ सारखा, आठवडा सारखा. फरक पडला तो फक्त आधीच्या पाचांत कशाची उणीव होती आणि आणलेल्या माणसाने ती भरली का, यामुळे.

आणि मिलवॉकी. २७ सप्टेंबर २०२३ ला मिलवॉकीने हॉलिडे पोर्टलंडला देऊन डेमियन लिलार्ड घेतला. माणसाला माणूस लावून मोजणाऱ्यांसाठी याहून सरळ सौदा होऊच शकत नाही. लिलार्डची सरासरी ३२.२, हॉलिडेची १९.३. ऑल-स्टारची निवड, कीर्ती, शेवटच्या सेकंदाला शॉट मारण्याची ख्याती, सगळ्यांत लिलार्ड वरचढ. त्या दिवशी बहुतेकांनी मिलवॉकीला विजेतेपदाच्या शर्यतीत पुढे काढलं. झालं काय? ५८ विजयांचा संघ ४९ वर आला. बचावात लीगमध्ये चौथा असलेला संघ मधल्या फळीच्याही खाली घसरला. ३० विजय आणि १३ पराभव अशा स्थितीत प्रशिक्षक एड्रियन ग्रिफिनला काढण्याची वेळ आली. पहिल्या फेरीत इंडियानाने ४-२ ने हरवलं. यानिस पोटरी दुखावल्याने ती मालिका खेळू शकला नाही, हे खरं. पण हंगामभर समोरचे गार्ड अडवायला कोणी नव्हतं, हे त्याच्या पोटरीचं काम नव्हतं. लिलार्ड थोर खेळाडू आहे. दोष त्याचा नाही. दोष त्या तुलनेचा, जी अडवलेल्या गुणांना शून्य किंमत देते. मिलवॉकीने शून्य लावलेली ती किंमत बोस्टनने चार दिवसांत उचलून घेतली.

ही दृष्टी २०२३ मध्ये अचानक आली असंही नाही. जून २०२१ मध्ये ब्रॅड स्टीव्हन्सने प्रशिक्षकाची जागा सोडून संघाचा कारभार हाती घेतला, तेव्हाचा त्याचा पहिलाच सौदा आठवा. चार वेळचा ऑल-स्टार केम्बा वॉकर आणि वर पहिल्या फेरीची निवड देऊन त्याने पस्तिशीचा हॉरफर्ड परत आणला. सरासरी बघितली तर तो सौदा वेडेपणाचा होता. वर्षभराने हॉरफर्ड अंतिम फेरीत उभा होता, कारकिर्दीतले प्लेऑफचे १४१ सामने तिथे पोहोचल्याविना खेळून झाल्यावर; वॉकरचे गुडघे तोवर त्याला साथ देईनासे झाले होते.

नशिबाबद्दल एवढंच म्हणेन. मायामीचा जिमी बटलर खेळला नाही, क्लीव्हलंडचा डोनोव्हन मिचेल दोन सामने बाहेर होता, इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टनही. बरोबर. बोस्टनचा सात फुटी तर बारा सामने बाहेर होता. प्रतिस्पर्ध्यांच्या दुखापती मोजणाऱ्यांनी ही दुखापत का वगळावी? आणि ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामन्यांत पूर्वेतल्या प्रत्येक संघापेक्षा किमान १४ विजय जास्त, हे नशीब कोणत्या महिन्यात सुरू झालं?

राहता राहिला २०२५ चा उन्हाळा. तिथे मी सेल्टिक्सच्या कारभाऱ्यांची वकिली करणार नाही. न्यूयॉर्कविरुद्ध टेटमचा टाचेमागचा स्नायुबंध तुटल्यावर पुढचा हंगाम हातचा गेला असं धरून त्यांनी खर्च कापला. हॉलिडेच्या जागी अन्फर्नी सायमन्स आला. नऊ वर्षांनी लहान, गुण जास्त. जे माणसागणिक मोजतात त्यांच्या हिशेबात हा नफ्याचा सौदा व्हायला हवा. तो नव्हता, संघाने पैशासाठी जाणूनबुजून स्वतःला दुबळं केलं, आणि त्याला सुधारणा म्हणणाऱ्यांशीही मी इतकाच भांडेन. पण हा खर्च स्मार्टला ठेवलं असतं तर टळला असता, हे साफ खोटं आहे. बिल फुगलं ते मुख्यत्वे ब्राउनच्या २०२३ च्या आणि टेटमच्या २०२४ च्या करारांनी. दोघांचेही तीस कोटी डॉलरच्या आसपासचे, आणि दोघांनाही ठेवायचं होतंच. नव्या नियमांनी सर्वाधिक खर्चाची रेषा ओलांडणाऱ्या संघांचे हात बांधले, ते स्मार्ट असलेल्या संघाचेही बांधले गेले असते. त्या नऊ वर्षांत तो गट पाच वेळा विभागाच्या अंतिम फेरीत गेला, एकदा शेवटच्या फेरीत, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परतला. जून २०२३ मध्ये काहीच केलं नसतं, तरी २०२५ मध्ये तो संघ याच पैशासाठी मोडावा लागला असता. फरक इतकाच, की बोस्टनच्या छताला विजेतेपदांचे १७ झेंडे असते. आज १८ आहेत.